कप्तानाला माहीत होतं

कामशेत
रविवार, ५ जानेवारी १९७५

रतन,

तुझं कार्ड पोचलं. तीन ओळी! आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "येवढंच? मागं बघ की." मागं बघितलं. मागं पत्ता होता. मग तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि फडताळात ठेवून दिलं. वाचता येत नाही तरी रोज काढून बघते.

तू विचारतेस, "पुस्तकात कप्तान घाटग्याला सगळं माहीत होतं. तू लिहितोस की टीव्हीवर त्याला माहीत नव्हतं. खरं कुठलं?"

अगं बये, हा काय प्रश्न झाला? मालिका आधी का पुस्तक आधी? 'नौका त्रिशंकू' महिन्याच्या पहिल्या शनिवारी टीव्हीवर लागते, ती बघून पुण्याचा तो प्रकाशक पुस्तकं काढतो. म्हणजे मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? तू स्वतः पहिले पाच भाग माझ्याशेजारी बसून बघितलेस, लोणावळ्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, पाय दुमडून. कप्तानाला मिशी होती का? नव्हती. पुस्तकात त्याला चांगली झुपकेदार मिशी आहे. अरुंधतीचा झगा हिरवा म्हणे! टीव्हीवर सगळं काळं-पांढरं, ह्याला हिरवा कुठून दिसला? आणि आपला यंत्रमानव, यंत्रोबा! टीव्हीवर तो बिचारा "होय" आणि "धोका" एवढंच बोलतो. पुस्तकात कीर्तनकारासारखा पान-पानभर बोलत सुटलाय. असल्या पुस्तकवाल्यावर तू विश्वास ठेवतेस?

डिसेंबरच्या पत्रात लिहिलं तेच परत लिहितो, आता नीट वाच. अरुंधतीला तमसा ग्रहावर ठाण्याची राखण करायला उतरवायचं असतं. ती एकच विचारते, "तिथं उजेड आहे ना?" कप्तान म्हणतो, "आहे." ती उतरते, नौका निघून जाते, आणि ठाण्यात मिट्ट काळोख. इथपर्यंत पुस्तक आणि टीव्ही सारखे. पण टीव्हीवर कप्तानाचा दोष नाही. यंत्रोबानंच त्याला चुकीची खबर दिलेली असते. कालच्या भागात तर कप्तान काचेपाशी उभा राहून रडला. मी डोळ्यांनी बघितलं. पुस्तकवाल्यानं उगाच त्याला खलनायक केलंय, कारण खलनायकावर पुस्तकं खपतात.

हे झालं त्रिशंकूचं. आता आपलं. तुला पाचवा महिना लागला हे आम्हाला तुझ्या गावच्या दूधवाल्याकडून कळावं? आई दिवसभर हसत होती आणि संध्याकाळी रडत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायला पाहिजे? शिमगा झाला की मी मुराळी होऊन येतो तुला न्यायला. दिवाळीला आलो तेव्हा तू आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आली नाहीस. भाऊ बहिणीला न्यायला जातो आणि रिकामा परत येतो, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. कामशेतला यष्टीतून उतरलो तर तांदळाच्या गिरणीपाशी चारजणांनी विचारलं, "रतन कुठंय?" मी म्हटलं, तिला ताप आहे. काय सांगणार?

पत्राचं उत्तर दे. तीन ओळींच्या वर.

तुझा
नथूदादा


कामशेत
रविवार, २ फेब्रुवारी १९७५

रतन,

ह्या वेळी दहा ओळी आल्या. प्रगती आहे. पण त्या वाचून मला जेवण गेलं नाही.

तू लिहिलंस, "इथल्या माणसानं शब्द दिला की गणपतीच्या आत वाडीत लाइट येईल. तो खोटा ठरला. तू लाइट ऑफिसात नोकरीला असून चौकशी केली नाहीस. मला दोघांचंही तोंड बघायचं नाही. त्याच्या घरात राहते, भाकरी करते, बोलत नाही. तुझ्याकडेही येणार नाही."

नवऱ्याशी पाच महिने बोलली नाहीस? रतन, हे मला माहीत नव्हतं. रुसली असशील, फुगली असशील, एवढंच वाटलं. आईला ही ओळ वाचून दाखवली नाही. तिला म्हटलं, पोरगी खुशाल आहे, लोणचं मागतेय. तिनं लगेच बरणी काढली.

मला काल दुपारपासून एका जागी बसवत नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, "नथू, खांबावर चढायचं सोडून येरझाऱ्या काय घालतोस?" मी चढलो, आणि वर गेल्यावर पक्कड खालीच राहिली हे कळलं.

एक गोष्ट सांगतो. वाण्याच्या शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "तुमचे पाव्हणे येतात की आमच्याकडे. अंबाजीराव. त्रिशंकूचं पुस्तक आलं का म्हणून विचारतात. नाही आलं तर परत जातात, पुढच्या बाजाराला परत येतात." मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तुमच्या वाडीच्या गुरुजींकडून तुला पुस्तकं मिळतात. तुमच्या वाडीहून कामशेतला यायचं म्हणजे अर्धा दिवस डोंगर तुडवायचा. यष्टी मिळाली तर मिळाली. आणि हा माणूस स्वतः कधी दोन ओळी वाचत नाही.

तेव्हा त्याच्यावर एवढा राग धरू नकोस. म्हणजे धर, तुझा हक्क आहे. पण एवढा नको.

तू म्हणतेस की तिसरं पुस्तक पहिल्या दोघांपेक्षा सरस आहे. कशात सरस? त्यात मारामारी नाही, उल्का नाहीत, नुसती ती अरुंधती अंधारात भिंतीला हात लावून चालते. वीस पानं! तू लिहितेस, "ती वीस पानं ज्यानं लिहिली त्याला अंधार माहीत आहे." असेल बाबा. मला तर कंटाळा आला. मी पानं उलटली.

कालचा भाग सांगतो. कप्तान नौका परत वळवायचं म्हणतो. बाकीचे अडवतात, इंधन नाही म्हणतात. कप्तान म्हणतो, "मी तिला उजेडाचा शब्द दिलाय." मग तो यंत्रोबाचं डोकं उघडून बघतो तर आतली एक तार सुटलेली. म्हणजे बघ, चूक तारेची होती. हे पुस्तकात येणार नाही, पैजेवर सांगतो.

बंगल्यातली शालूबाई तुझी आठवण काढते. तीच चावी ठेवते, तीच आपल्याला व्हरांड्यात बसू द्यायची. म्हणते, "तुजी भन असली की अँटेना फिरवायाला कुनाला सांगावं लागत नव्हतं. सोताच पळायची. मुंग्या आल्या रं आल्या की वर."

शिमग्यानंतर येतो. नाही म्हणू नकोस.

नथूदादा


लोणावळा स्टेशन
रविवार, ९ मार्च, दुपार

रतन,

बाकड्यावर बसून लिहितोय. गाडी समोरून गेली, मी चढलो नाही.

स्टॉलवर चौथं पुस्तक आलंय. पिशवीत टाकून घरी न्यायचं आणि रात्री वाचायचं असं ठरवलं होतं, पण उभ्या उभ्या शेवटची पानं उघडली. ह्या वेळी त्यांनी मागं 'वाचकांची मतं' छापलीत. एक सोलापूरचा मास्तर आहे, तो म्हणतो की यंत्रोबाची भाषा फार जड आहे. बघ, मी तेच म्हणत होतो. एक दादरचा आहे, त्याला नौकेचा वेग चुकीचा वाटतो. आणि तिसरं मत तुझं.

तुझं नाव छापलंय, रतन. "सौ. रतन अंबाजी, आंदर मावळ." स्टॉलवाल्याला दाखवलं, ही माझी बहीण. तो म्हणाला, "खरंच?" मला केवढं भारी वाटलं, आणि मग मी खाली वाचलं.

तू लिहिलंयस, "कप्तानाला माहीत होतं आणि तरी त्याने तिला उतरवले, हे लेखकाने न भिता लिहिले म्हणून मला तिसरे पुस्तक आवडले. आमच्या घरी ह्यावर वाद आहे. माझे थोरले बंधू दर महिन्याला टीव्हीवर मालिका पाहून मला पत्राने कळवतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टीव्हीवर कप्तान निर्दोष दाखवला आहे व चूक यंत्राच्या तारेची आहे. माझे बंधू खोटे सांगणार नाहीत. मग लेखकाने मूळ कथा का बदलली, याचा खुलासा व्हावा."

आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात संपादकानं लिहिलंय, "टीव्हीवरील कथा व पुस्तक यांत या बाबतीत काहीही फरक नाही. तार सुटल्याचा प्रसंग मालिकेत नाही. आपल्या बंधूंचा काही गैरसमज झालेला दिसतो."

गैरसमज म्हणे! भला माणूस दिसतो तो संपादक.

हे पुस्तक तुझ्यापर्यंत पोचलं असेल का? गेल्या बाजाराला अंबाजीराव आले असतील तर पोचलं असेल. मी इथून सरळ दुकानात जाऊन उरलेल्या सगळ्या प्रती उचलाव्यात असंही मनात येऊन गेलं. हसू नकोस, खरंच आलं.

त्याचं असं झालं की बंगल्यावरचा टीव्ही जरा खराब आहे, आवाज नीट येत नाही, आणि मधेच मुंग्या येतात, त्यामुळे

हे खोडत नाही. असंच राहू दे. हे पाकीट आता इथंच पेटीत टाकतो, नाहीतर घरी जाऊन फाडीन. उद्या परत लिहितो.

नथू


कामशेत
सोमवार, १० मार्च १९७५

रतन,

आज रजा टाकलीय. आईला वाटतंय मला बरं नाही, म्हणून तिनं पेज करून समोर ठेवलीय. ती थंड झाली.

डिसेंबरपासून मी एकही भाग बघितला नाही. सात डिसेंबरला गेलो होतो. अरुंधतीनं विचारलं, "तिथं उजेड आहे ना?" आणि कप्तानाच्या हातात कागद होता. ठाण्यात उजेड नाही असं त्यावर लिहिलेलं, आणि ते त्यानं आधीच वाचलेलं, हे आम्हाला दाखवलं होतं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "आहे." मी उठलो. शालूबाई म्हणाली, "आरं, अजून संपलं न्हाई." मी म्हटलं, पोटात दुखतंय. त्यानंतर बंगल्यावर गेलोच नाही. ती तुझी आठवण काढते ती बाजारात भेटते तेव्हा. पुढचं सगळं माझ्या डोक्यातलं. रडणारा कप्तान, सुटलेली तार, इंधन. खांबावर बसून जुळवायचो आणि रविवारी लिहायचो.

पुस्तकवाला बरोबर होता, ती वीस पानंही बरोबर होती. मी ती उलटली नव्हती. तीनदा वाचली.

आता दुसरं. हे लिहायला सकाळपासून तिसरा कागद घेतलाय.

आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा मुलगा-मुलगी कुठं बोलतात? तू मान खाली घालून पाट सरकवलास, अंबाजीरावांनी भिंतीकडे बघितलं, संपलं. आबा गेलेले, नाहीतर बाप म्हणून तेच बोलले असते. बोलणं सगळं माझ्या तोंडून झालं. तू मला आत बोलावून सांगितलंस, "दादा, एकच इचार. तितं लाइट हाय का? आजवर दोन ठिकाणं मी त्याच्यापायी मोडली." मी बाहेर येऊन विचारलं. अंबाजीराव उठून माझ्याबरोबर गोठ्यापाशी आले, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाले, "न्हाई, नथूभाऊ. लाइट न्हाई, आनि येवड्यात येनार बी न्हाई. पोरीला आदी सांगा. ती न्हाई म्हनली तर माजा राग न्हाई."

मलाही माहीत होतं. त्याच आठवड्यात ऑफिसात नकाशा बघितला होता. लाइन खालच्या गावापर्यंत होती, तुमची वाडी तिच्यात नव्हती.

मी आत आलो आणि तुला म्हटलं, "त्यांनी शब्द दिलाय. गणपतीच्या आत लाइट येणार."

का म्हटलं? चांगलं स्थळ होतं. माणूस चांगला होता, हे त्या गोठ्यापाशीच मला कळलं होतं, आणि तू दिव्यापायी त्याला नाही म्हणशील ही भीती वाटली. हे एक. दुसरं म्हणजे गिरणीपाशी लोक बोलायचे, रखमाजीची पोरगी परक्याच्या व्हरांड्यात टीव्ही बघत बसते, भाऊ तिला घेऊन जातो. मला त्याची लाज वाटायला लागली होती. बघायला मीच न्यायचो आणि लाज मलाच वाटायची. तुला उरकून टाकलं मी. एवढंच आहे ते, ह्याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

मला वाटलं लग्न झाल्यावर तुम्ही दोघं बोलाल, तू चिडशील, मला चार शिव्या घालशील, आणि निभावून जाईल. तू त्यांनाच विचारशील की "शब्द का मोडलात," आणि ते गप्प राहतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दिवाळीला आलो तेव्हा ते सगळं माझ्या लक्षात आलं. तू आत होतीस. अंबाजीरावांनी मला गुळाचा चहा दिला. मी म्हटलं, "पाव्हणं, रतनला काही..." ते म्हणाले, "म्या काय बोललो न्हाई. तुमचं तुमी बगा." मी चहा प्यायलो आणि निघून आलो. आणि तेव्हापासून मी तुला टीव्हीच्या गोष्टी लिहितोय.

त्या माणसाचा कणभर दोष नाही. तू ज्याच्याशी बोलत नाहीस त्यानं खरं सांगितलं होतं, आणि ज्याच्यासाठी तू छापील पुस्तकात "खोटे सांगणार नाहीत" असं लिहिलंस त्यानं तुला फसवलं.

आता मला शिव्या घाल, काय वाटेल ते कर. पण आईकडे ये. आई रोज दिवस मोजते. अंगणात तुझ्यासाठी बाज आणून ठेवलीय, दोऱ्या मीच आवळल्या. तू आलीस की मी ऑफिसातल्या कोठीवर झोपायला जाईन, तुझ्या नजरेला पडणार नाही. आईकडे ये, रतन. ह्यासाठीच हे सगळं लिहिलं.

नथू


वाडी
सोमवार, १७ मार्च

दादा,

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. चौथं पुस्तक त्याच्या आधीच आलं होतं, म्हणजे टीव्हीचं मला ठाऊक झालं होतं. दुसरं ठाऊक नव्हतं.

पत्र वाचलं तेव्हा हे गुरांना वैरण टाकत होते. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि वाचून दाखवलं, गोठ्यापाशी ते काय बोलले होते ते. सहा महिन्यांनी मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?" त्यांनी पेंढी सोडली नाही. म्हणाले, "सांगितलं असतं तर तुला माहेर कुठलं ऱ्हायलं असतं? नवऱ्यावर चिडलं तर मानूस माहेरी तरी जातंय. भावावर चिडलीस तर कुठं जाशील?"

मी ह्यांच्याबद्दल काय काय बोलले आहे ते तुला लिहीत नाही. सगळ्यांसमोर बोलले. पाणवठ्यावर बोलले. सासूबाईंच्या तोंडावर बोलले की तुमचा मुलगा लबाड आहे. त्या म्हातारीनं तेव्हापासून माझ्यासाठी रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसून ठेवली, मी वाचते म्हणून. मी काल त्यांच्या पाया पडले तर त्यांना काही कळेना. म्हणाल्या, "काय झालं गं, दुखतंय का कुठं?"

पुस्तकाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. चौथं काही खास नाही. लेखकानं घाई केलीय. कप्तान परत येतो आणि दोन पानांत ती त्याला माफ करते. ज्यानं तिसरं लिहिलं त्यानंच हे लिहिलं असेल असं वाटत नाही. तुझे तीन भाग मी इथल्या बायकांना वाचून दाखवले होते. त्यांना तुझा रडणारा कप्तान फार आवडला. मलाही आवडला होता. त्यामुळे जास्त राग आला.

मी बाळंतपणाला येत नाही. रुसून नाही. पहिलं माहेरी हे मला कळतं, आणि आईला किती लागेल तेही कळतं. पण ज्या घराला मी सहा महिने खोटं ठरवलं, त्याच घरात माझं पोर जन्माला यावं असं मला वाटतं. इथून आता पोटुशी निघाले तर पाणवठ्यावर लोक हेच म्हणतील की बायको नांदत नव्हती, गेली.

आईला शिमगा झाला की इकडे पाठव. ती एकटी डोंगर चढणार नाही, तेव्हा तू सोडायला ये. खिंडीपर्यंत आमच्या घरचं माणूस न्यायला येईल. तिथून पुढं तू आमच्या घरी यायचं की खिंडीतूनच मागं फिरायचं, ते मी ठरवणार नाही. ह्यांना विचारते आणि कळवते.

रतन